चिंचखारचे आकडे

चंद्रावती घरत खांबावर चढायची परीक्षा द्यायला गेली, तेव्हा मैदानात चाळीस पुरुष होते आणि बाई ती एकटी. पनवेलच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलेला, ओढणी कमरेला गच्च बांधलेली. परीक्षक वयस्कर होते, मनाने वाईट नव्हते. म्हणाले, "मुली, तुझं राहू दे. तुला ऑफिसातच बसवणार आहेत. मी पास लिहून टाकतो."

"आधी चढते, मग लिहा," चंद्रावती म्हणाली.

आणि चढली. खालून कुणीतरी शिट्टी मारली. तिने वरूनच त्या दिशेला असं पाहिलं, की दुसरी शिट्टी वाजली नाही. उतरली तेव्हा दोन्ही तळहात सोलवटले होते. परीक्षकांनी मान खाली घालून शेरा लिहिला.

हा स्वभाव कुठून आला, असं तिला विचारलं तर ती वडिलांचं नाव घेते. चिंचखार हे तिचं माहेर, उलव्याच्या अलीकडे, खाडीला चिकटून असलेलं. वडील मिठागरात राबायचे. वाफ्यातलं पाणी जिभेवर घेऊन मीठ किती दिवसांत धरेल ते सांगायचे, आणि मुकादम चुकीचं बोलला तर त्याच्या तोंडावर तसं सांगायचे. त्यापायी त्यांचं काम दोनदा गेलं. दोन्ही वेळा मुकादमच बोलवायला घरी आला, कारण मीठ काही मुकादमाचं ऐकून धरत नव्हतं.

नोकरी लागल्यावर चंद्रावतीला वीज कार्यालयाच्या टेस्टिंग विभागात टाकलं. मीटर तपासा, रोहित्राचं तेल तपासा, असलं काम. साहेबांना वाटलं बाई तिथे निमूट बसेल. झालं उलटंच. यंत्र हातात आलं की ती त्याचं पुस्तक मागायची. पुस्तक नसेल तर जिथून यंत्र आलं तिथे फोन करायची. लग्न होऊन ती खांदा कॉलनीत राहायला गेली. नवरा धर्मराज एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. रविवारी दोघं जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसायचे. तो इंजिनाचा एखादा सुटा भाग साफ करत असायचा आणि ती डिक्शनरी घेऊन इंग्रजी पुस्तकाची पानं उलटत असायची.

अशाच एका रविवारी तिने रेग्युलेटरचं पुस्तक वाचायला घेतलं. दोनशे पानांचं.

रेग्युलेटर हा प्रकार समजायला अवघड नाही. वीज लांबच्या तारेतून जाताना तिचा दाब उतरत जातो. उपकेंद्राजवळच्या घरात पंखा गरगरतो आणि तारेच्या शेवटच्या घरात तोच पंखा रेंगाळतो. म्हणून लाइनच्या मध्यावर, दोन खांबांच्या माचीवर, पिंपासारखे तीन डबे बसवतात. ते दाब पायरीपायरीने वर चढवतात किंवा खाली उतरवतात. प्रत्येक डब्यावर घड्याळासारखी तबकडी असते. काटा मधोमध असला म्हणजे डबा काहीच करत नाही. वर सोळा पायऱ्या, खाली सोळा. खाली जमिनीवरून हात पोचेल अशा उंचीवर एक पेटी असते. त्या पेटीत आकडे भरून सांगावं लागतं, की बाई, दाब इतका राख, इतका फरक चालवून घे, आणि फरक पडलाच तर इतके सेकंद थांबून मगच हल.

चिंचखारच्या पुढे, गाव संपल्यावर अर्ध्या किलोमीटरवर असे तीन डबे बसले. गावातल्या बाया त्यांना 'तिघी' म्हणू लागल्या. बसवणाऱ्या ठेकेदाराचा माणूस आला, त्याने पेटीला पेन ड्राइव्ह लावला, दुसऱ्याच कुठल्या तरी लाइनचे आकडे दहा मिनिटांत उतरवले आणि निघाला. कागदावर सही उपकार्यकारी अभियंता उदयसिंह साहेबांची झाली. हे साहेब कोल्हापूरकडचे, हुशार, पण एका वेळी सात कामं अंगावर.

चंद्रावतीने तेव्हाच विचारलं होतं, "साहेब, पेटीतलं उलट दिशेच्या आकड्यांचं पान कोरंच ठेवलंय. वीज दुसऱ्या बाजूने आली तर पेटीने काय करायचं?"

"दुसऱ्या बाजूला काही आहे का तिकडे? लाइन संपते तिथे. वीज येणार कुठून?" साहेब म्हणाले.

तेव्हा ते खरंच होतं.

दोन वर्षांत चित्र पालटलं. उलव्याकडे इमारती उठल्या, तिकडे नवं उपकेंद्र झालं आणि चिंचखारच्या लाइनचं शेवटचं टोक त्या नव्या उपकेंद्राला जोडलं गेलं. आता वीज दोन्ही बाजूंनी देता येत होती. रस्ता रुंद करायला खांब सरकवायचं काम निघालं, म्हणून दर गुरुवारी दिवसभर जुनं उपकेंद्र बंद ठेवायचे आणि नव्याकडून उलटी वीज द्यायचे. सगळ्यांची सोय झाली. पेटीतलं पान मात्र कोरंच राहिलं.

पहिल्या गुरुवारी चिंचखारमध्ये बल्ब पांढरेफटक पेटले आणि पटापट गेले. दुसऱ्या गुरुवारी फ्रिज जळले. तिसऱ्या गुरुवारी चंद्रावतीच्या मोठ्या वहिनीचा, आशालताचा, फोन आला. आशालता गावातल्या सात बायांना घेऊन मसाल्याची गिरणी चालवायची. आगरी मसाला थेट पनवेलच्या बाजारात जायचा.

"चंद्रे, परत जलला गो स्टार्टर. दुसरे येलेला. आनि तुझे ऑफिसातली मानसं आली ती काय बोलतान म्हायत हाय? बोलतान, तुमी तारेवर आकडे टाकता म्हनून जलतो. आमी काय चोर हाव?"

"कागद दिला का काही?"

"दिला ना. सगले गावाला दिलाय. नोटीस."

आकडा टाकणे म्हणजे तारेवर हूक अडकवून वीज चोरणे. चंद्रावतीने नोटिशीचा फोटो मागवला. अनधिकृत जोडण्यांमुळे दाबात चढउतार होऊन ग्राहकांच्या उपकरणांचं नुकसान झालं असावं, असं त्यात लिहिलं होतं. तिने ते दोनदा वाचलं. चोरीने दाब पडतो, चढत नाही. हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. मग बल्ब पांढरे का पेटले?

दुसऱ्या दिवशी ती उदयसिंह साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली. "साहेब, मला वाटतं रेग्युलेटरचं काहीतरी आहे."

साहेबांनी नकाशा पुढे ओढला. "हे बघा, हे उपकेंद्र, हे चिंचखार आणि हा रेग्युलेटर. रेग्युलेटर गावाच्या पुढे आहे. जे करायचं ते तो पुढच्यांसाठी करतो. मागच्या गावाशी त्याचा संबंधच काय?"

"गुरुवारी गाव मागे नसतं साहेब, पुढे असतं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "चिंचखार तुमचं माहेर आहे ना?"

"आहे."

"मग या प्रकरणात तुम्ही जरा लांबच राहा. लोक म्हणतील, बाई घरच्यांची बाजू घेते."

ती बोलली ते हळूच बोलली. "डबा कुणाच्या माहेरचा नाही साहेब. जाऊन बघू या."

साहेब गेले नाहीत. चंद्रावती गेली. पुढच्या गुरुवारी, भर दुपारी, गाडी घेऊन माचीखाली उभी राहिली. मान वर करून पाहिलं. तिन्ही तबकड्यांचे काटे खालच्या टोकाला, सोळाव्या पायरीला जाऊन भिडले होते. पेटी उघडली. पडद्यावर विजेच्या आकड्यापुढे उणेची खूण होती, म्हणजे वीज उलट वाहत होती. आणि पेटीला मात्र हुकूम होता फक्त पुढच्या दिशेचा.

पुस्तकात वाचलेलं आता डोळ्यांसमोर होतं. पेटी बिचारी उलव्याकडच्या बाजूचा दाब मोजत होती. तो थोडा जास्त होता, म्हणून तो उतरवायला तिने एक पायरी घेतली. पण आज त्या बाजूलाच उपकेंद्र होतं. तिथला दाब पेटीने हलणार कसा? तो हलला नाही म्हणून पेटीने दुसरी पायरी घेतली, तिसरी घेतली, थेट सोळावीपर्यंत गेली. आणि प्रत्येक पायरीला इकडच्या बाजूचा, म्हणजे चिंचखारचा, दाब वर वर चढत गेला.

तिने फोन लावला. साहेबांनी उचलला नाही. पुन्हा लावला. मग तिने उपकेंद्राला फोनवर नोंद दिली, पेटी हाताच्या चालीवर घेतली आणि एकेक पायरी चढवत तिन्ही काटे मधोमध आणले. पेटीतल्या वहीत लिहिलं: 'तिन्ही रेग्युलेटर खालच्या टोकाला आढळले. गावात दाब २६३. ग्राहकांच्या सुरक्षिततेसाठी मधल्या जागी आणून थांबवले. चंद्रावती घरत.' वेळ घातली, वहीच्या पानाचा फोटो काढला.

सोमवारी टेबलावर दोन कागद होते. पहिला होता तपासणी अहवाल, आधीच टाइप केलेला: रेग्युलेटर सुस्थितीत, सेटिंग तपासले, दोष नाही. खाली तिच्या सहीची जागा. दुसरी होती कारणे दाखवा नोटीस. लेखी आदेशाशिवाय यंत्र हाताळल्याबद्दल.

"अहवालावर सही करा," उदयसिंह साहेब म्हणाले, "म्हणजे दुसरा कागद मी माझ्याकडेच ठेवीन. बाई, मी तुमच्या भल्याचं सांगतोय. वर विचारलं तर अख्ख्या विभागाची नाचक्की आहे."

"आणि गावाच्या नोटिशीचं काय?"

"ते नंतर बघू."

चंद्रावतीने अहवाल उचलला, वाचला आणि परत टेबलावर ठेवला. "साहेब, आकडे चुकलेत हे खरं आहे. पण ते तारेवरचे नाहीत, पेटीतले आहेत. माझ्या गावाला चोर ठरवलंय. मी यावर सही करणार नाही. दुसरा कागद द्या, त्याचं उत्तर देते."

"याचे परिणाम माहीत आहेत?"

"गिरणीचे दोन स्टार्टर जळले, साहेब. परिणाम बघितलेत."

घरी आली तेव्हा धर्मराजने तिचा चेहरा पाहून गॅसवरचा चहा उतरवला. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "बदली करतील."

"करू देत."

"कर्जतच्या पलीकडे टाकतील."

"तिकडे पण लाइन असेलच ना?"

तो हसला नाही. मग म्हणाला, "आमच्याकडे गाडीचा ब्रेक खराब असेल आणि वरून 'ओके' लिही म्हणाले, तर मी लिहीन का? नाही लिहिणार. मग तुला कुठल्या तोंडाने सांगू?"

तिने उत्तर लिहिलं. एकच पान. वर तीन गुरुवारच्या तक्रारींच्या वेळा, त्यांच्यासमोर उपकेंद्र बदलल्याच्या वेळा. एकही तक्रार शुक्रवारची नव्हती, सोमवारची नव्हती. चोर काय फक्त गुरुवारी चोरी करतात, असं तिने आधी लिहिलं होतं, मग ते वाक्य खोडलं. मग पुन्हा लिहिलं आणि तसंच ठेवलं. खाली मागणी केली: येत्या गुरुवारी सगळ्यांच्या समोर तपासणी घ्या. माझं खोटं ठरलं तर मी नोटिशीतला सगळा दोष मान्य करीन. प्रत तिने मंडळ कार्यालयातल्या अधीक्षक अभियंता अरुंधती मॅडमना पाठवली. टपालाने नाही, ती स्वतः जाऊन, शिक्का घेऊन देऊन आली.

मॅडम येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. त्या आल्या. पांढरं हेल्मेट, पायांत बूट, बोलणं मोजकं. माचीखाली दोन गाड्या लागल्या. उदयसिंह साहेब एका बाजूला हाताची घडी घालून उभे.

"गावाला धोका नको," मॅडम म्हणाल्या. "दाब वाढला तर काय करणार?"

"गावाने सगळे मेन स्विच बंद केलेत मॅडम," चंद्रावती म्हणाली. "एक गिरणी सोडून. तिथे फक्त एक बल्ब आणि व्होल्टमीटर आहे. वाचायला माझी वहिनी बसलीय."

"एकशे ऐंशी घरांनी? सगळ्यांनी?"

"चोर म्हटलंय त्यांना. कोण चालू ठेवील?"

अकरा वाजता जुनं उपकेंद्र बंद झालं आणि नव्याकडून वीज आली. चंद्रावतीने पेटी स्वयंचलित चालीवर सोडली आणि ती दोन पावलं मागे सरकली, म्हणजे तिने हात लावला असं कुणी म्हणायला नको. सकाळी नेहमीच्या पुरवठ्यावर पेटी चालवून घेतली होती, त्यामुळे काटे वरच्या चौथ्या पायरीवर होते. फोन स्पीकरवर होता.

"दोनशे एकतीस," आशालता पलीकडून म्हणाली. तिच्या आवाजात परीक्षेला बसल्यासारखा ताण होता.

अर्धा मिनिट काहीच झालं नाही. उदयसिंह साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग वरून आवाज आला, टक्. काटा एक पायरी उतरला. काही सेकंदांनी पुन्हा, टक्.

"दोनशे चौतीस."

टक्. टक्. काटा मधली रेघ ओलांडून खाली निघाला. पेटीच्या पडद्यावर उलव्याकडचा आकडा होता तसाच उभा होता, जागचा हलत नव्हता.

"दोनशे पंचेचालीस... अठ्ठेचालीस... चंद्रे, बल्ब बघवत नाय गो."

"बघू नको वैनी. मीटर बघ."

"दोनशे छप्पन. साठ. दोनशे बासष्ट." आणि मग एक बारीक आवाज झाला. "गेला. बल्ब गेला."

तिन्ही काटे खालच्या टोकाला टेकले होते. मॅडमनी तिन्ही तबकड्या एकेक करून पाहिल्या. मग त्या उदयसिंह साहेबांकडे वळल्या. "सेटिंग कुणी भरलं?"

"ठेकेदाराने. पण तेव्हा उलट पुरवठा नव्हता, मॅडम."

"जोडणी झाल्यावर बदलायला हवं होतं."

"हो," साहेब म्हणाले. एवढंच. त्यांचा चेहरा उतरला होता आणि चंद्रावतीला त्या क्षणी त्यांची थोडी दयाही आली. पण गावाची नोटीस आठवली आणि ती दया तिने गिळून टाकली.

"चंद्रावतीबाई, बदलून टाका सेटिंग," मॅडम म्हणाल्या.

चंद्रावती जागची हलली नाही. "लेखी द्या मॅडम."

"मी समोर उभी आहे."

"गेल्या वेळी लेखी नव्हतं म्हणून नोटीस मिळाली."

ड्रायव्हरने तोंडावर हात ठेवला. मॅडमनी तिच्याकडे रोखून पाहिलं, मग गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून चार ओळी लिहिल्या, सही केली, पान फाडून दिलं. चंद्रावतीने ते घडी घालून खिशात ठेवलं आणि मगच पेटीपुढे बसली. दोन्ही दिशांचा हुकूम चालू केला. कोऱ्या पानावर एकेक आकडा भरला: उलट वीज आली तर दाब किती राखायचा, किती फरक सोसायचा, किती सेकंद थांबायचं. हे आकडे तिने दोन रविवार बसून काढले होते. शेवटचं बटण दाबलं.

अर्ध्या मिनिटाने टक् झालं. काटा वर निघाला.

"दुसरा बल्ब लावलाय," आशालता म्हणाली. "दोनशे पन्नास. पंचेचालीस... एकेचालीस... अडतीस." मग ती थांबली. "अडतीसलाच हाय. हलत नाय."

मागून गिरणीतल्या बायांचा गलका फोनमधून आला. कुणीतरी उदयसिंह साहेबांसाठी एक अस्सल आगरी शब्द वापरला. चंद्रावतीने घाईघाईने स्पीकर बंद केला.

गावाच्या नोटिसा पंधरा दिवसांत मागे घेतल्या गेल्या. आशालताने एवढ्यावर ऐकलं नाही. जशी नोटीस घरोघर वाटली, तसंच मागे घेतल्याचं पत्रही घरोघर वाटा, म्हणून ती सातही बायांना घेऊन कार्यालयाच्या पायरीवर बसली. शेवटी वायरमननी एकशे ऐंशी पत्रं वाटली. मॅडमनी मंडळातल्या बाकीच्या रेग्युलेटरच्या पेट्याही तपासायला लावल्या. अकरांपैकी तीन ठिकाणी तेच पान कोरं निघालं. ते काम चंद्रावतीलाच दिलं, कारण पुस्तक वाचलेलं दुसरं कुणी नव्हतं. उदयसिंह साहेब मात्र तिच्याशी बोलेनासे झाले. काही सांगायचं असलं तर शिपायाच्या हाती चिठ्ठी पाठवायचे.

आणि तिची नोटीस? ती मागे घेतली गेली नाही. तिच्या जागी ताकीद आली: 'हेतू चांगला असला तरी आदेशाविना यंत्र हाताळणे ही शिस्तभंगाची बाब आहे. सेवापुस्तकात नोंद घेण्यात येत आहे.' खाली 'वाचले' म्हणून सही हवी होती. चंद्रावतीने सही केली आणि वर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'वाचले. मान्य नाही.' त्याच आठवड्यात नोंद काढून टाका म्हणून पहिला अर्ज दिला. दोन महिने उत्तर आलं नाही, म्हणून दुसरा दिला. परवा ती तिसरा घेऊन आवक खिडकीशी गेली. पलीकडे कोमल नावाची नवी कारकून बसली होती.

"मॅडम, सोडून द्या ना आता," कोमल म्हणाली. "काम तर झालं की."

"काम झालं. कागद राहिलाय."

"अहो, पण एका ओळीसाठी किती फेऱ्या?"

"ओळ माझ्या नावापुढे आहे ना," चंद्रावती म्हणाली आणि अर्ज खिडकीतून आत सरकवला. "शिक्का मारून द्या. आणि दुसऱ्या प्रतीवर पण."